पदराच्या कोपऱ्यातला 'रु'

साईनगर, अमरावती
१४ सप्टेंबर २०२४

अपेक्षा,

नावाआधी चिरंजीव लिहावं, खाली आशीर्वाद लिहावेत, असं मनात आलं होतं. पण सव्वादोन वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि सुरुवातीलाच आईपणाचा हक्क सांगायचा, हे बरं दिसलं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोनवर मला बोलता येणार नाही. मी काहीतरी भलतंच बोलेन आणि तू ठेवून देशील. कागदावर खोडता तरी येतं.

जूनमध्ये मी शाळेतून रिटायर झाले. निरोपाला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता सकाळी तिवश्याची बस पकडायची नसते, तरी जाग पाचलाच येते. उठून करायचं काय, हा प्रश्न पडतो.

तर मला एक नाद लागला आहे. तू हसशील. मी जुन्या वस्तूंची दुकानं पाहत फिरते. इतवारा बाजारात मागच्या बाजूला किती दुकानं आहेत, चाळीस वर्षं या गावात राहून मला माहीत नव्हतं. मोडक्या शिलाई मशिनी, दाराच्या चौकटी, कुणाच्या तरी लग्नात आलेले नावं घातलेले हंडे. नाव घातलेला हंडा बाजारात कसा येतो, याचा विचार करत मी उभी राहते आणि दुकानदार म्हणतो, "बाई, घ्याचं हाय का नुसतं वाचून राहिल्या?"

राजापेठेत प्रणाली नावाची एक मुलगी आहे. तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. पुण्याची नोकरी सोडून आली आणि वडिलांच्या बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात जुन्या साड्या विकायला बसली. साड्यांचे फोटो मोबाइलवर टाकते, आणि मुंबई-पुण्याच्या मुली त्या मागवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं एक इरकल काढून दाखवलं. "काकू, ही पस्तीस वर्षं जुनी आहे, म्हणून किंमत जास्त."

मी म्हटलं, "माह्या तर लग्नालेच पस्तीस वर्षं झाले. मंग मी काय झाली?"

"विंटेज," ती म्हणाली. हसली पण नाही!

तिची एक पद्धत मला फार आवडली. साडी विकायला येणाऱ्या बाईला ती बसवते, पाणी देते आणि विचारते, ही कोणाची, कधी नेसली होती. ते चिठ्ठीवर लिहून साडीला टाचून ठेवते. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मुलगा नोकरीला लागला त्या दिवशी नेसली. नंतर तसा प्रसंग आला नाही." मी ती चिठ्ठी तीनदा वाचली.

एक विचारायचं होतं. तुझ्या लग्नाआधी तुझ्या सासूबाई, पार्बताबाई, आपल्याकडे आल्या होत्या आणि त्यांनी मला साडी दिली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "आई, त्यांनी दिलेली साडी नेसून ये. तशी येणार असशील तर ये, नाहीतर येऊ नको." ती साडी मी जपून ठेवली आहे. कपाटात, वरच्या खणात, मलमलच्या कापडात गुंडाळून. पण परवा प्रणालीला तिच्याबद्दल सांगताना काठ लाल की तपकिरी, तेच आठवेना. तुझ्याजवळ फोटो असला तर पाठवशील का? कपाट उघडून पाहा, असं म्हणशील. त्या कपाटाची किल्ली बाबांजवळ असते, आणि त्यांना मागायची म्हणजे पुन्हा तो विषय निघतो. बाबा अजून तयार नाहीत. त्यांचं मन वळायला वेळ लागेल. तू त्यांना ओळखतेसच.

प्रीतमरावांची वकिली कशी चालली आहे?

आई

---

अमरावती
६ ऑक्टोबर २०२४

अपेक्षा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमनची गाडी वाजली की फाटकापर्यंत जाऊन येते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. साडी कपाटात नाही, घरातही नाही. मी ती देऊन टाकली.

आता सुरुवातीपासून लिहिते. अर्धवट लिहिलं तर पुन्हा खोटंच होईल.

पार्बताबाई आल्या तो मे महिना होता. अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरल्या, तिथून ऑटोनं आल्या. एकट्या. तू आणि बाबा घरी नव्हता. मी दार उघडलं, "मी प्रीतमची आई," असं त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं. आत या म्हटलं नाही. दुपारचे दोन वाजले असतील. त्या घामानं भिजल्या होत्या. पाणी त्यांना मागावं लागलं.

त्यांनी पिशवीतून साडी काढली. म्हणाल्या, "रिटायर झाली तवाच ठरोलं होतं, सून येईन तिच्या आईले आपल्या हातानं कायतरी देईन." कोशाच्या रेशमाची होती, मधाच्या रंगाची, करवती काठाची. फॉल त्यांनी स्वतः हातानं लावला होता. पदराच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या दोऱ्यानं एक लहानसा 'रु' काढला होता. रुख्मिणीचा रु. नर्स होत्या त्या, टाकेकाम फार सुबक होतं.

तो 'रु' पाहून मला राग आला, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते. माझं नाव त्यांनी माझ्या परवानगीशिवाय काढलं, असं वाटलं. "ठेवा तिथं," मी म्हटलं. त्यांनी साडी परत पिशवीत घातली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि त्या उठल्या. मी फाटकापर्यंत गेले नाही.

तुझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत भांडेवाली आली. तुझं कपाट मी तिच्यासमोर रिकामं केलं. कॉलेजातले ड्रेस, गॅदरिंगची ओढणी, स्वेटर, सगळं. आणि सगळ्यात वर ती पिशवी, उघडलीसुद्धा नाही. तिनं मला एक मोठं स्टीलचं पातेलं दिलं. ते पातेलं अजून आहे. त्यात मी एकदाही दूध तापवलेलं नाही. बाबांनी विचारलं, हे कुठलं, तर मी म्हटलं, शाळेतल्या बायांनी दिलं.

आता तुला कळलं असेल, हा जुन्या दुकानांचा नाद कसला आहे. मी फिरते ती साडी शोधायला. रिटायर होईपर्यंत मी मनाला सांगत होते की वेळ नाही. मग वेळ मिळाला.

भांडेवाली मला गेल्या आठवड्यात सापडली. चतुराबाई तिचं नाव, फ्रेजरपुऱ्याकडं राहते. मी विचारलं तशी ती हसायलाच लागली. "बाई, दोन वर्सामागचा कपडा शोधून राहिल्या? कपडा म्हंजे पानी हाय. एकदा वाह्यला का वाह्यला." मग माझ्या तोंडाकडं पाहून तिनं टोपलं खाली ठेवलं. "पोरीचे होते का?"

"पोरीचे होते. अन् एक साडी होती. कोशाची."

ती बराच वेळ आठवत बसली. रोजचे कपडे इतवाऱ्यात जातात, फाटके गोधडीवाल्या बायांकडे जातात, आणि रेशमी काही आलं तर ती अकोल्याच्या एका दुकानदाराला देते. "जुन्या शहरात हाय तो, कुंदनशेठ म्हनतेत. पन बाई, तो रेशमी साड्या जरीसाठी घेते. जाळते अन् चांदी काढते."

मी घरी आले आणि त्या दिवशी माझ्याच्यानं स्वयंपाक झाला नाही.

आई

---

अमरावती
२४ नोव्हेंबर २०२४

अपेक्षा,

मी अकोल्याला जाऊन आले. एकदा नाही, तीनदा. बाबांना सांगितलं की शेगावला दर्शनाला जाते. शेगावचा प्रसाद कुठाय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते असे का वागतात ते मला कळतं, आणि तेच पुढं लिहायचं आहे.

आधी दुकानाबद्दल. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, एका बोळात कुंदनशेठचं दुकान आहे. बाहेरून भंगार वाटतं. आत गेलं की माणूस हरवतो. बंद पडलेल्या टॉकीजच्या खुर्च्या, नंबरांसकट. कंदिलांची रांग. डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या. माणसं गेली आणि पाट्या राहिल्या. एका कोपऱ्यात काचेचं कपाट आणि त्यात साड्या.

साड्या वीस-पंचवीस होत्या. एकेक उलगडून मी पदराचा कोपरा पाहत गेले. एकीला हळदीचा डाग होता, एकीच्या पदरात सुटं पाच रुपयाचं नाणं बांधून राहिलेलं होतं. माझी नव्हती.

कुंदनशेठनं विचारलं, "मॅडम, आप क्या ढूँढ रहे हो? सांगा ना."

मी सांगितलं. जाळली असेल ना, असंही विचारलं.

"कोसा?" तो म्हणाला. "त्यात जर होती?"

"नाही. साधा काठ."

"मंग काहून जाळू? जर नाही त्याले हात नाही लावत मी. विकली असन. साड्यांचं आमची मंडळी पाहते, ती माहेरी गेली आहे. आल्यावर विचारतो." त्यानं माझा नंबर लिहून घेतला.

साडीत जर नव्हती म्हणून वाचली असेल, हे ऐकून मी त्या टॉकीजच्या खुर्चीवर बसले. त्यानं चहा मागवला. अनोळखी बाई दुकानात आली, काही घेतलं नाही, तरी त्यानं तिला चहा पाजला. माझ्या दारात आलेल्या पाहुणीला मी पाणीही मागून प्यायला लावलं होतं.

तिसऱ्या वेळी गाडीला दोन तास होते. मी ऑटोत बसले आणि कौलखेड म्हणून सांगितलं. तुझ्या घरी यायचं नव्हतं. गल्ली नुसती पाहायची होती. चौकात उतरले, आणि तू समोर भाजीच्या गाडीपाशी होतीस.

तू केस कापलेस. मानेपर्यंत. तुला ते शोभतात. स्कूटरवरून न उतरताच तू मेथी पाहत होतीस, आणि भाजीवाल्याला म्हणालीस, "काका, ही कालची आहे." मग मेथी घेतलीस, आणि वर कोथिंबीर, आपला सांबार, तसाच मागून घेतलास, मी घ्यायची तसा. मी पानठेल्याच्या आडोशाला उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकं अंतर होतं. मी तोंड उघडलंही. मग वाटलं, तू वळून पाहशील आणि तुझा चेहरा बदलेल. हसरा चेहरा माझ्यामुळं बदललेला मला पाहवला नसता. तू गेलीस. मी भाजीवाल्याकडून एक जुडी मेथी घेतली आणि अमरावतीपर्यंत मांडीवर ठेवून आणली.

बाबांनी ती मेथी पाहिली. म्हणाले, "शेगावले मेथी चांगली भेटते वाटते." आणि निवडायला बसले.

अपेक्षा, तुझे बाबा तयार नाहीत हे मी लिहिलं ते खोटं. ते पहिल्या दिवसापासून तयार होते. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. बूट घालून दुपारपर्यंत दिवाणावर बसले होते. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर परत आल्यावर मी या घरात दिसणार नाही. दुपारी बूट काढले आणि पायांकडं पाहत बसले. मी इतकी वर्षं सगळं त्यांच्यावर घालून मोकळी झाले. नातेवाइकांनाही तेच सांगितलं, की त्यांनाच पटत नाही. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की हे खरं नाही.

मला काय पटत नव्हतं, तेही लिहिते. प्रीतम शिकलेला, निर्व्यसनी, तुला जपणारा. त्याच्यात खोट काढायला गेले तर सापडत नव्हती, म्हणून जात धरून बसले. लोक काय म्हणतील, असं म्हणायचे. लोक दोन-चार दिवस बोलले आणि आपल्या कामाला लागले. खरं म्हणजे लोकांच्या नावानं मीच म्हणत होते. आणि दर चौदा एप्रिलला शाळेत पोरांकडून समतेचं भाषण मीच पाठ करून घ्यायचे. उच्चार चुकला तर रागवायचे.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आता पुन्हा उचललं, फक्त सही करायला.

आई

---

अमरावती
१२ जानेवारी २०२५

अपेक्षा,

साडी सापडली.

कुंदनशेठचा फोन आला. त्याच्या बायकोला आठवलं. करवती कोसा बडनेऱ्याच्या एक तिकीटवाल्या मॅडम घेऊन गेल्या होत्या. त्यांची अकोल्यात गाडी चुकली होती, वेळ काढायला दुकानात शिरल्या आणि साडी घेऊन निघाल्या. नाव ज्योत्स्ना.

बडनेरा स्टेशनवर त्यांना शोधायला वेळ लागला नाही. ड्युटी संपेपर्यंत मी बाकावर थांबले. चाळिशीच्या असतील, चष्मा, बोलणं एकदम रोखठोक. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "इथं काहून? घरी चला. क्वार्टर मागंच हाय."

घरी त्यांचे यजमान धम्मदीप कणीक मळत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं झेंडूची दोन फुलं. ज्योत्स्नाबाईंनी ट्रंक उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी पदर उलटा केला. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा 'रु'. टाका एकही सुटला नव्हता.

"हे तुमी काढलं नाही?" मी विचारलं.

"काहून काढू? कोनीतरी जीव लावून टाका घातलेला हाय." मग त्या म्हणाल्या, "मले तं वाटे, हे रु मेली असन. जित्ती बाई अशी साडी विकत नाही. म्हून नेसतानी दरवेळी तिचं नाव घेतो मी, का बाई, तुही साडी नेसून राहिली, सांभाळून घे."

अपेक्षा, मी त्यांना सांगितलं की ती रु मीच. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. धम्मदीपनी हात धुतले आणि पाणी आणून ठेवलं.

मग सगळं सांगितलं. पार्बताबाई, व्हरांडा, पातेलं. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की हे मी कुणाच्या घरी बसून सांगते आहे. ज्योत्स्नाबाईंचा चेहरा मध्येच कठोर झाला. व्हरांड्याचं सांगितलं तेव्हा. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कवा नेसतो मी हे, सांगू? चौदा एप्रिलले अन् धम्मचक्र दिनाले. वर्सात दोनदा. बाकी दिवस ट्रंकीत. पन तुमची हाय तं घेऊन जा. मी दुसरी घेईन."

साडी माझ्या मांडीवरच होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी दिली असती. मी चार महिने त्यासाठीच फिरले होते. ती नेसून तुझ्या दारात उभी राहायचं मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं, की कोणत्या पायरीवर पाय ठेवीन तेही ठरलं होतं. तू दार उघडशील, साडी पाहशील आणि बाजूला होशील.

पण त्या घरात बसून मला दुसरंच दिसलं. मी ती नेसून आले असते तर तुम्ही सगळे समजला असता की इतकी वर्षं मी ती जपून ठेवली. पार्बताबाईंना बरं वाटलं असतं. आणि मी गप्प राहिले असते. मी स्वतःला ओळखते, मी नक्की गप्प राहिले असते. मग आयुष्यभर तुझ्या घरात मी एका खोट्यावर पाय ठेवून वावरले असते.

आणि ती साडी आता माझी राहिली नव्हती. ज्या बाईनं ती इतक्या मानानं नेसली, तिचीच होती.

मी घडी घातली आणि परत दिली. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं."

फाटकापर्यंत सोडायला त्या आल्या. म्हणाल्या, "एक सांगू का? माफी मागाले जासान तं रडू नका तिथं. तुमी रडल्या का त्या मायलेच तुमाले समजावा लागन."

हे मी गाठीला बांधलं आहे.

आई

---

अमरावती
२ फेब्रुवारी २०२५

अपेक्षा,

आज तुझ्या घरून आले, आणि हातपाय धुवून लगेच लिहायला बसले. तू आतल्या खोलीत होतीस, पंखा चालू होता, दार लोटलेलं होतं. तू किती ऐकलंस मला माहीत नाही. म्हणून बाहेर जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. यावेळी काही गाळत नाही.

मी साधी सुती साडी नेसून आले होते. फाटक उघडं होतं. पायरीवर उभी राहून मी कडी वाजवली, आणि पार्बताबाईंनीच दार उघडलं. त्या वाळल्या आहेत. केस पूर्ण पांढरे झाले. त्यांनी मला लगेच ओळखलं. मला वाटलं होतं की दार लावून घेतील. त्या म्हणाल्या, "आत या. पायरी मोडकी हाय, सांभाळून."

मी आत आले. बसले नाही. बसले तर बोलणं होणार नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "तुमची साडी माझ्याजवळ नाही. मी ती न उघडता भांडेवालीला दिली."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या.

मी पाहतच राहिले.

"पत्रं येतेत ना तुमचे. अपेक्षा वाचते अन् टीव्हीखाली ठेवून देते. म्हनाली, आई, तुमी पन वाचा, तुमच्याबद्दल हाय. म्हून वाचले. वाचाले नाही पाह्यजे होते तं सांगा."

म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस.

मी म्हटलं, "मग मी आता काय सांगू?"

"सांगाचं काही राह्यलं नाही," त्या म्हणाल्या. "आता मी सांगतो. बसा."

मी बसले.

"साडीचा मले राग नाही. दिलेली वस्तू तुमची, तुमी कोनालेबी द्या. पन त्या दिवशी उनात बसोलं तुमी मले. तेहतीस वर्स मी नर्स होती. कोनाच्याबी घरी रातीबेराती गेली, बायांचे बाळंतपन केले, तुमच्या जातीतले केले, सगळ्यायचे केले. तवा कोनी व्हरांड्यात नाही बसोलं. पाह्यजे होती तवा मी आत पाह्यजे होती. अन् पोराची माय म्हून आली तं मले पानी मांगा लागलं. ते गेलं नाही अजून मनातून. जाईन का नाही, मले मालूम नाही. मी खोटं नाही बोलनार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्योत्स्नाबाईंचं आठवलं, म्हणून मी ते गिळलं. म्हटलं, "नका जाऊ देऊ. मला तेच पाहिजे असं नाही. मी चुकले, एवढं तुमच्या तोंडासमोर म्हणायला आले. रुख्मिणीनं तुमचा अपमान केला. नवऱ्यानं नाही, जातीनं नाही, मी केला."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मग त्या उठल्या. "च्या घेता?"

"घेते."

"साखर?"

"अर्धा चमचा. डॉक्टरनं बंद सांगितली आहे."

"मंग अर्धाबी नाही भेटनार," त्या म्हणाल्या, अगदी नर्सच्या आवाजात, आणि आत गेल्या. तो बिनसाखरेचा चहा मी पूर्ण प्यायले. त्याही समोर बसून प्यायल्या. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो. तुझे बाबा कोणत्या गोळ्या घेतात ते त्यांनी विचारलं आणि एक बदलायला सांगितली. सलोखा झाला, असं मी म्हणणार नाही. पण दोन म्हाताऱ्या बाया एका खोलीत अर्धा तास बसल्या, आणि कुणी कुणाला उठवलं नाही.

आतून तुझ्या बांगड्यांचा आवाज येत होता. तू काहीतरी घडी घालत असशील. मी तुला हाक मारली नाही. पार्बताबाईंनीही मारली नाही. त्यांनी एकदा त्या दाराकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली, म्हणजे राहू द्या.

मी निघाले. चपला घालायला वाकले, आणि दार उघडल्याचा आवाज आला. तू बाहेर आलीस. मला तुझे पाय आधी दिसले. मग मी वर पाहिलं. तू माझ्याकडं पाहत नव्हतीस, माझ्या पिशवीकडं पाहत होतीस. किती दिवसांनी मी तुला इतक्या जवळून पाहिलं! कपाळावर लहानपणी पडल्याची खूण तशीच आहे. मी ती विसरले होते. विसरले होते याचीच मला धास्ती वाटली.

तू म्हणालीस, "पुढच्या वेळी फोन करून ये. आज आम्ही बाहेर जाणार होतो."

एवढंच. मी "बरं" म्हटलं आणि पायऱ्या उतरले. ऑटोत बसले, गाडीत बसले. समोरची बाई मुरमुरे खात होती, तिनं मला विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, एकदम बरी. अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत मी तुझं ते वाक्य शाळेतल्या पोरासारखं तोडून तोडून पाहत होते. रागानं म्हणालीस का? थोडं रागानंच. तोडून टाकायला म्हणालीस का? मग 'पुढच्या वेळी' काहून म्हणालीस?

घरी आले तर बाबा फाटकात उभे. मी कुठं गेले होते ते त्यांना बरोबर माहीत होतं. त्यांनी विचारलं, "काय म्हने?"

मी सांगितलं.

"पुढच्या वेळी म्हने? तिनं सोता म्हटलं?"

"तिनं सोता."

ते आत गेले. थोड्या वेळानं पाहिलं तर देव्हाऱ्यापुढं नाही, टीव्हीपुढंही नाही. मागच्या खोलीत पलंगावर चादर अंथरून पांढरा शर्ट इस्त्री करत होते. म्हटलं, अहो, आत्ताच नाही. तर म्हणाले, "असू दे ना. तयार असलेलं बरं."

अपेक्षा, मी सांगितल्याप्रमाणं फोन करून येईन. न विचारता येणार नाही. पण तू नंबर बदललास, आणि नवा नंबर माझ्याजवळ नाही; पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही नव्हता. प्रीतमरावांच्या ऑफिसला विचारता येईल, पण तो मला तुझ्याकडूनच पाहिजे. एका कार्डावर दहा आकडे लिहून टाक. बाकी काही लिहू नको. नावसुद्धा नको.

आई